रात्रीच्या डॉक्टरचा मोबदला

नदीकाठच्या गावात ज्यांचे बालपण गेले असेल, त्यांना नावाड्याची आठवण नक्की असेल. पूल व्हायच्या आधीचे ते दिवस. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली की साऱ्या गावाचा जीव त्या एका नावेत असे. दिवसा बाजारकरी, लग्नाचे वऱ्हाड, शाळेची पोरे असे उतारू असत. पण रात्री-अपरात्रीही पलीकडच्या काठावरून हाक येई, "अरे ए नावाडीदादा, पोरगी अडलीय, चल लवकर!" मग नावाडी घोंगडी झटकून उठे आणि नाव सोडी. "आधी पैसे काढा," असे तो अशा वेळी म्हणत नसे. त्याचे पोट कशावर चाले? तर सुगीच्या दिवसांत तो खळ्यावर जाई आणि जो तो आपल्या राशीतून त्याला धान्य घाली. वर्षभरात एकदाही नावेत पाय न ठेवलेला माणूससुद्धा घाली. गाव त्याला खेपेचे पैसे देत नव्हते. तो रात्री काठावर आहे, हाकेला ओ देईल, या भरवशाचे ते देणे होते.

आता घटकाभर असे समजा, की गावाने एके दिवशी दोन ठराव केले. पहिला ठराव असा, की नावाड्याने कोणालाही नाही म्हणायचे नाही, मग त्याच्याजवळ दमडी असो वा नसो. आणि दुसरा असा, की खळ्यावरचे धान्य बंद. ज्याला नेले त्याच्याकडून तुझे तू वसूल कर. पहिला ठराव माणुसकीचा आहे, त्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण दोन्ही ठराव एकत्र आले म्हणजे नावाड्याचे काय होईल, आणि चार-दोन वर्षांनी त्या नावेचे काय होईल, याचा जरा विचार करा. आजचा विषय दूर देशीचा आहे, पण गोष्ट हीच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक मोठ्या इस्पितळाला तातडीचा विभाग असतो. तो दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडा असतो. २०२२ साली त्या देशात अशा विभागांत रोग्यांच्या साडेपंधरा कोटींच्या आसपास खेपा झाल्या. अपघात, छातीतली कळ, विषबाधा, तापाने फणफणलेले मूल, सगळे आधी याच दारात येतात. तेथे पाळीपाळीने उभे राहणारे जे खास डॉक्टर आहेत, त्यांचा मोबदला कसा ठरतो आणि आरोग्यव्यवस्थेत सुधारणा करणाऱ्या कायद्यांनी तो कसा बदलला, हे आज पाहायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "अहो, अमेरिकेतला डॉक्टर वर्षाला तीन लाख डॉलर कमावतो. त्याची काळजी आम्ही कशाला करायची?" प्रश्न रास्त आहे. त्या डॉक्टरची कीव करा असे माझे सांगणे नाही. पण त्याचे पैसे कोठून येतात आणि कोठे अडतात यावर एक गोष्ट ठरते, ती म्हणजे खेड्यातल्या इस्पितळाच्या दारात रात्री दोन वाजता कोणी उभा असेल की नाही. ती काळजी मात्र कोणत्याही देशातल्या खेडुताची आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. असे खास डॉक्टर पूर्वी नव्हते. इस्पितळाच्या अपघाताच्या खोलीत कोणी शिकाऊ डॉक्टर असे, नाहीतर इतर डॉक्टर आळीपाळीने येऊन जात. १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया या गावी जेम्स मिल्स नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आपला खाजगी दवाखाना सोडला व इस्पितळाचा तातडीचा विभाग रात्रंदिवस सांभाळण्याचे काम पत्करले. ती वाट पुढे रुळली. १९६८ साली अशा डॉक्टरांची संघटना झाली, १९७० साली सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे पहिले शिक्षण सुरू झाले, आणि १९७९ साली ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे डॉक्टर बहुतेक ठिकाणी इस्पितळाचे पगारी नोकर नसतात. त्यांचा एखादा गट असतो किंवा डॉक्टर पुरवणारी कंपनी असते, आणि इस्पितळ तिच्याशी करार करते. म्हणून रोग्याला दोन बिले येतात. एक इस्पितळाचे: खाट, यंत्रे, औषधे, परिचारिका यांचे. दुसरे डॉक्टरचे. डॉक्टरला पाळीच्या तासांप्रमाणे पैसे मिळत असले, तरी ते पैसे त्या दुसऱ्या बिलाच्या वसुलीतूनच यायचे असतात. वसुली घटली की तासांचा दर घटतो, नाहीतर पाळीवरचे डॉक्टर घटतात. आपल्या भाषेत सांगायचे तर खळ्यावरचे धान्य येथे नाहीच. जे काही आहे ते उताऱ्याच्या पैशांवर आहे.

आता पहिला ठराव केव्हा झाला ते ऐका. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेत एक वाईट चाल पडली होती. खाजगी इस्पितळात रोगी आला, आणि त्याच्याजवळ विमा नाही असे दिसले, की त्याला गाडीत घालून सरकारी इस्पितळाकडे पाठवून देत. शिकागोच्या कुक काउंटी इस्पितळातील डॉक्टरांनी अशा ४६७ रोग्यांची नीट पाहणी केली आणि ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ८७ टक्के रोग्यांना पाठवण्याचे कारण एकच निघाले, पुरेसा विमा नाही! आणि सुमारे चौथा हिस्सा रोगी तर हलवण्याच्या स्थितीतही नव्हते.

त्याच वर्षी, म्हणजे १९८६ साली, अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत कायदा झाला. वृद्धांच्या सरकारी विम्याचे पैसे घेणारे जे इस्पितळ तातडीचा विभाग चालवते, त्याने दारात आलेल्या प्रत्येकाला तपासले पाहिजे. जिवाला धोका असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार केले पाहिजेत. पैशाची चौकशी करण्यासाठी तपासणी खोळंबून ठेवता कामा नये. हा नियम मोडला तर इस्पितळाला दंड, आणि डॉक्टरलाही व्यक्तिशः दंड. फार चांगला कायदा! कितीतरी गोरगरिबांचे प्राण त्याने वाचवले असतील. पण त्या कायद्यात एक ओळ नव्हती: या उपचाराचे पैसे कोण देणार? दार उघडे ठेवण्याची आज्ञा झाली. दिव्याच्या तेलाची सोय मात्र ज्याची त्याने करायची होती.

मग पैसे येत कोठून? अमेरिकेत रोग्यांचे साधारण चार वर्ग धरता येतील. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी विमा आहे. गरिबांसाठी 'मेडिकेड' आहे. हे दोन्ही १९६५ साली सुरू झाले. तिसरा वर्ग खाजगी विमा असलेल्यांचा, तो बहुधा नोकरीबरोबर मिळतो. चौथा वर्ग विमाच नसलेल्यांचा. उपचार चौघांवर तोच, कष्ट तेच, पण मोबदला चार प्रकारचा. मेडिकेअर ठरावीक दर देते. मेडिकेड बहुतेक राज्यांत त्याहून कमी देते. खाजगी विमा बराच जास्त देतो. आणि विमा नसलेल्याकडून बहुधा काहीच हाती लागत नाही.

येथे शिक्षकबंधूंना एक हिशेब सुचवतो. फळ्यावर मांडून बघा. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, खरे नव्हेत. एका रात्री दहा रोगी आले. ती रात्र चालवायला एक हजार रुपये लागतात. दोन वृद्ध आहेत, त्यांचे प्रत्येकी शंभर. दोन मेडिकेडचे, प्रत्येकी सत्तर. तीन खाजगी विम्याचे, प्रत्येकी दोनशे. तीन बिनविम्याचे, प्रत्येकी दहा. बेरीज करा. दोनशे, एकशे चाळीस, सहाशे आणि तीस मिळून झाले नऊशे सत्तर. म्हणजे तीस रुपयांची तूट. खाजगी विमेवाल्यांच्या जादा पैशांवर बाकीच्यांचा बोजा कसा निघतो, हे मुलांना लगेच दिसेल. हा हिशेब पुसू नका, तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

पुढची मोठी सुधारणा २३ मार्च २०१० रोजी झाली. अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेला हा कायदा लोकांत 'ओबामाकेअर' या नावाने ओळखला जातो. त्याने मेडिकेडची मर्यादा वाढवली, आणि ज्यांना नोकरीतून विमा नाही त्यांना सरकारी मदतीने विमा घेण्याची सोय केली. हे दोन्ही १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आले. मध्यंतरी २०१२ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मेडिकेड वाढवायचे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर राहील. त्यामुळे काही राज्ये आली, काही बाहेर राहिली. तरीही २०१० साली जे साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते, त्यांची संख्या २०१६ पर्यंत पावणेतीन कोटींच्या आसपास उतरली.

याच कायद्याने आणखी एक महत्त्वाचे काम केले. समजा, मध्यरात्री एखाद्याच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. तो धावत इस्पितळात गेला. तपासाअंती निघाले काय, तर पित्त! विमा कंपनी म्हणते, "ही तातडी नव्हतीच, पैसे मिळणार नाहीत." आता सांगा, त्या माणसाने घरी बसून हे कसे ओळखायचे? कायद्याची कसोटी अशी आहे, की सामान्य समजूतदार माणसाला त्या लक्षणांवरून जे वाटले असते, तेच धरायचे. शेवटी निदान काय निघाले ते नव्हे. सरकारी विम्याच्या योजनांना ही कसोटी १९९७ साली लागू झाली होती. २०१० च्या कायद्याने ती बहुतेक खाजगी विम्यालाही लावली. तातडीच्या उपचारासाठी आधी परवानगी मागायची अटही काढून टाकली. ही कसोटी रोग्याचे रक्षण करते तसेच डॉक्टरच्या मोबदल्याचेही, कारण नाकारलेल्या बिलाची वसुली शेवटी बुडीतच जाते.

आता आपल्या फळ्यावर या. तीन बिनविम्याच्या रोग्यांपैकी एकाला मेडिकेड मिळाले. दहाच्या जागी सत्तर आले. नऊशे सत्तरचे एक हजार तीस झाले. तूट गेली आणि तीस रुपये शिल्लक पडले! डॉक्टरांना या सुधारणेने दिलासा मिळाला तो असा.

पण त्याबरोबर एक अंदाज चुकला. पुष्कळांना वाटले होते, की लोकांना विमा मिळाला म्हणजे ते वेळच्या वेळी साध्या डॉक्टरकडे जातील आणि तातडीच्या विभागातली गर्दी ओसरेल. ऑरेगॉन राज्यात २००८ साली मेडिकेडच्या जागा थोड्या आणि अर्जदार फार अशी स्थिती होती, म्हणून सोडत काढली गेली. संशोधकांना ही आयतीच संधी मिळाली. नाव निघालेले आणि न निघालेले यांची त्यांनी तुलना केली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: विमा मिळालेल्या लोकांच्या तातडीच्या विभागातील खेपा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढल्या होत्या. यात नवल नाही. पूर्वी बिलाच्या धाकाने दुखणे अंगावर काढणारा माणूस आता निर्धास्तपणे दार ठोठावू लागला, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरला पैसे थोडे अधिक मिळू लागले, पण कामही वाढले.

यानंतरची सुधारणा एका खऱ्याखुऱ्या अन्यायातून निघाली. मघाशी सांगितले, की बिले दोन येतात. रोग्याच्या विमा कंपनीचा इस्पितळाशी करार असतो, पण तेथल्या डॉक्टरांच्या गटाशी नसतो. बेशुद्ध माणूस काय विचारणार, "डॉक्टरसाहेब, तुमचा आमच्या कंपनीशी करार आहे का?" तो बरा होऊन घरी जातो आणि महिन्याभराने शेकडो, कधी हजारो डॉलरचे बिल टपालाने दारात येऊन पडते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की कराराच्या इस्पितळातील तातडीच्या खेपांपैकी २२ टक्के खेपांत डॉक्टर कराराबाहेरचा होता. काही ठिकाणी तर जादा बिल करता यावे म्हणून मुद्दामच करार टाळले जात. लोकांचा संताप झाला, आणि तो रास्तच होता.

२७ डिसेंबर २०२० रोजी या अनपेक्षित बिलांना आळा घालणारा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. आता रोग्याने करारातल्या डॉक्टरला जेवढा वाटा दिला असता तेवढाच द्यायचा. उरलेल्या पैशांचा वाद डॉक्टर आणि विमा कंपनी यांनी आपसांत मिटवावा. तीस दिवस बोलणी करावीत, जमले नाही तर लवादाकडे जावे. लवादाची रीत गमतीची आहे. दोन्ही पक्षांनी एकेक आकडा द्यायचा आणि लवादाने त्यांतला एक उचलायचा. मधला आकडा काढायची मुभा नाही. उद्देश असा, की दोघांनीही अवाच्या सवा मागू नये.

रोग्याच्या दृष्टीने हा कायदा वरदान ठरला, यात शंका नाही. पण डॉक्टरच्या बाजूने काय झाले ते पाहा. खाजगी विमा कंपनीला आता करार करण्याची पूर्वीइतकी निकड उरली नाही. पहिला हप्ता किती द्यायचा हे तिच्याच हाती आले. सरकारचा अंदाज होता, की २०२२ साली बावीस हजारांच्या आसपास तंटे येतील. प्रत्यक्षात एप्रिल २०२२ ते जून २०२३ या काळात आले सुमारे ४ लाख ९० हजार! त्यांतले निम्म्याहून जास्त त्या वेळी तसेच पडून होते. जे निकालात निघाले त्यांत २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत चारांपैकी तीनांहून अधिक निकाल डॉक्टर व इस्पितळांच्या बाजूने लागले. म्हणजे त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण निकालापर्यंत तग कोणी धरायचा? दावा लावायची सरकारी फी आधी पन्नास डॉलर होती, ती २०२३ च्या सुरुवातीला साडेतीनशे झाली. तातडीच्या डॉक्टरचे पुष्कळदा अख्खे बिलच तेवढे असते. ती फीवाढ पुढे ऑगस्टमध्ये न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षी डॉक्टर पुरवणारी एक फार मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि दुसरी एक कंपनी तर आपला कारभारच गुंडाळून मोकळी झाली. कर्जबाजारीपणा हेही त्याचे एक मोठे कारण होते, सारा दोष कायद्याला देता येणार नाही. पण रातोरात कित्येक इस्पितळांना नवे डॉक्टर शोधावे लागले, हे खरे.

इतक्यात सरकारी विम्याचा दरही घसरत होता. मेडिकेअरमध्ये प्रत्येक उपचाराला काही एकके ठरवून दिलेली असतात, आणि एका एककाचा भाव सरकार दरवर्षी जाहीर करते. २०२० साली हा भाव ३६ डॉलर ९ सेंट होता. २०२५ साली तो ३२ डॉलर ३५ सेंटवर आला. २०२६ साठी तो थोडा चढून साडेतेहतीसच्या आसपास गेला. महागाई मात्र या सहा वर्षांत किती चढली, हे सांगायला नको. भाव का उतरला? कारण नियम असा, की एका प्रकारच्या डॉक्टरांचा मोबदला बराच वाढवला, तर तेवढी रक्कम बाकीच्यांतून कापायची. २०२१ साली साध्या दवाखान्यातील तपासणीचा मोबदला वाढवला गेला. कौटुंबिक डॉक्टरांच्या दृष्टीने ती चांगलीच सुधारणा होती. पण घागर एकच असल्याने एकाच्या तांब्यात जास्त ओतले की दुसऱ्याचा तांब्या उणा राहतो.

आता फळ्यावरचा हिशेब शेवटचा करू. खाजगी विम्याचे तीन रोगी दोनशे देत होते, ते एकशे साठ देऊ लागले. सहाशेचे चारशे ऐंशी झाले. एक हजार तीसमधून एकशे वीस गेले, उरले नऊशे दहा. आता नव्वदाची तूट! आपले आकडे मनाचे होते, पण दिशा खरी आहे. रँड या संशोधन संस्थेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, २०१८ ते २०२२ या काळात तातडीच्या डॉक्टरांना दर खेपेमागे मिळणारा मोबदला सरकारी विम्यात सुमारे चार टक्क्यांनी, करारातल्या खाजगी विम्यात सुमारे अकरा टक्क्यांनी आणि कराराबाहेरच्या खाजगी विम्यात तर जवळजवळ निम्म्याने उतरला होता. जेवढे पैसे यायला हवेत त्यांचा पाचवा हिस्सा मुळी येतच नाही, असेही तो अहवाल सांगतो.

अशी तूट आली म्हणजे काय होते? डॉक्टर संपावर जात नाही, दारही एकदम बंद होत नाही. जेथे पाळीवर दोन डॉक्टर होते तेथे एक राहतो. एका डॉक्टरच्या जागी डॉक्टरचा सहायक किंवा खास शिकलेली परिचारिका येते. रोगी ताटकळत बसतात. आणि तरुण विद्यार्थी दुसरी वाट धरतात. २०२३ साली या शाखेच्या शिक्षणासाठी देशभरात ३,०१० जागा होत्या, त्यांतील ५५४ पहिल्या निवडीत रिकाम्या राहिल्या. त्याला करोनाच्या साथीतला शीण, पुढे डॉक्टर जास्त होतील असे वर्तवलेले भाकीत अशी इतर कारणेही होती, आणि पुढच्याच वर्षी रिकाम्या जागा १३५ वर आल्या. तरी धोक्याची घंटा वाजून गेली होती.

सर्वांत जास्त झळ खेड्यांना लागते. मोठ्या शहरात खाजगी विम्याचे रोगी पुष्कळ असतात, त्यांच्यावर गाडा कसाबसा चालतो. खेड्यात वृद्ध आणि गरीब जास्त, आणि रात्रीचे रोगी मात्र मोजकेच. एका रात्री दोनच रोगी आले, तरी डॉक्टरची, परिचारिकेची आणि दिव्याबत्तीची व्यवस्था तीच ठेवावी लागते. खेपेवर पैसे देण्याची रीत येथे साफ लंगडी पडते. २०१० ते २०२१ या काळात अमेरिकेतील १३६ ग्रामीण इस्पितळे बंद पडली, त्यामागे हेही एक कारण होते.

श्रोते हो, आता गंमत पाहा. इतकी वळणे घेतल्यावर अमेरिकेला आपला नावाडी आठवला! १ जानेवारी २०२३ पासून तेथे लहान ग्रामीण इस्पितळांसाठी एक नवी सोय सुरू झाली. पन्नासपर्यंत खाटांच्या इस्पितळाने रोगी ठेवून घेण्याचे काम सोडावे, पण तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू ठेवावा. त्याबद्दल मेडिकेअर त्याला दरमहा ठरावीक रक्कम देईल, रोगी किती आले हे न विचारता. पहिल्या वर्षी ही रक्कम महिन्याला २ लाख ७२ हजार ८६६ डॉलर होती. हेच ते खळ्यावरचे धान्य! मेरीलँड राज्यात तर २०१४ पासून इस्पितळांना वर्षाचे ठरावीक उत्पन्न बांधून देण्याचा प्रयोग चालत आला, मात्र डॉक्टरांची बिले त्याच्या बाहेर राहिली. नव्या ग्रामीण सोयीतही खोटी आहेच. खाटा गेल्या म्हणजे रोग्याला पुढे दूर न्यावे लागते. सगळ्याच इस्पितळांना ती मानवली नाही. पण काठावर उभे राहण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले, हे मोठे पाऊल आहे.

उलट दिशेचेही वारे वाहत आहेत. ४ जुलै २०२५ रोजी तेथे जो नवा कायदा झाला, त्याने मेडिकेडवरचा खर्च आवरला. त्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोक विम्याविना राहतील असा संसदेच्याच हिशेब खात्याचा अंदाज आहे. १९८६ चा कायदा तर कायम आहे. म्हणजे ते लोक आजारी पडल्यावर येणार त्याच दारात, आणि फळ्यावर सत्तरच्या जागी पुन्हा दहा लिहावे लागणार.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या देशातही दाराचा ठराव झालेला आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमी माणूस आला तर सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी त्याचे प्राण वाचवावेत. पोलिसांचे सोपस्कार मागाहून. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. रस्त्यावरील अपघातातील जखमींसाठी २०२५ साली केंद्र सरकारने दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवसांच्या बिनपैशाच्या उपचाराची योजना जाहीर केली. आपली रीत अमेरिकेसारखी नाही; आपल्याकडे सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पगारी असतो. पण खाजगी इस्पितळांतून विम्याचे व योजनांचे पैसे जसजसे वाढत आहेत, तसतसा तिकडचा हिशेब इकडेही लागू होत जाईल.

म्हणून एवढेच सांगतो. आरोग्याची कोणतीही नवी योजना कानावर आली, ग्रामसभेत तिचे वाचन झाले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. दारात आलेल्या कोणालाही परत पाठवणार नाही ना? त्याच्या उपचाराचे पैसे कोण आणि किती दिवसांत देणार? आणि ज्या रात्री एकही रोगी येणार नाही, त्या रात्री जागणाऱ्या माणसाचे पैसे कोठून येणार? पहिले दोन प्रश्न पुष्कळजण विचारतात. तिसरा कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि अमेरिकेतल्या एवढ्या मोठमोठ्या सुधारणा अडखळल्या, त्या बहुतेक या तिसऱ्याच प्रश्नाशी.

तुमच्या गावात जुना नावाडी किंवा त्याचा मुलगा-नातू कोणी असेल, तर त्याला एकदा विचारून पाहा. सुगीत एकही खेप न केलेल्या घरचे धान्य का घेत होता, हे तो तुम्हाला दोन वाक्यांत सांगेल.